पान चारवरचा कप्तान

टक्… भाताच्या विजेच्या कुकरचं बटण वर उडालं आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. नाहीतर तो कागद हातात धरून मी आणखी किती वेळ तशीच उभी राहिले असते, कोण जाणे.

कागद अर्विनचा होता, कचेरीतल्या माझ्या फिलिपिनो सहकाऱ्याचा. शेतं जाळण्याच्या, धुराच्या मोसमामुळे प्लोयची शाळा बंद, म्हणून मी घरूनच काम करत होते आणि तो आमच्या इंग्रजी साप्ताहिकाची प्रुफं घेऊन आला होता. माझ्या सहा वर्षांच्या लेकीने चित्रासाठी कागद मागितला. त्याने न बघता पिशवीतला एक पाठकोरा काढून दिला. तिच्या हत्तीच्या मागे त्याचं तिरकं अक्षर, खाडाखोडीसकट –

'प्रिय श्रीमती पेल्हाम, मी हे शहर सोडतो आहे. – कप्तान ऑस्ट्रँडर (निवृत्त)'

 माझा कप्तान… ह्याच्या अक्षरात?

आमचे वाचक म्हणजे इथे थायलंडात, चिआंग मायला येऊन राहिलेले गोरे म्हातारे. काही मायदेशी परतले, काही वारले, उरलेले फोनवर बातम्या वाचू लागले. ऑक्टोबरपासून पान चारवर वाचकांचं एकही पत्र येईना. पत्रं निवडायचं काम अर्विनचं, पान लावायचं माझं. ते पान गेलं असतं तर मागोमाग अंकही गेला असता… म्हणून मी गुपचूप एक बाई जन्माला घातली. शहराबाहेरच्या माए रिमच्या श्रीमती पेल्हाम, शेजारच्या कुत्र्यांवर वैतागलेल्या; त्यांचं पत्र टपालात टाकलं.

पुढच्याच अंकात कप्तानाचं उत्तर! 'बाई, कुत्री तुमच्या संत्र्याच्या मुरंब्याच्या वासाने भुंकतात. मीही भुंकेन म्हणतो.'

पाच महिने मी बुधवारची, पान लावायच्या दिवसाची, वाट पाहत होते. एका सत्तरीच्या म्हाताऱ्यासाठी… स्वतःशीच लाजत.

"कप्तान…" मी कागद पुढे धरला. "तू?"

अर्विनचे कान लाल झाले. "पेल्हामबाईंना सांगू नकोस हं. एकच वाचक उरलीय गं आपली. कुणी उत्तर दिलं नसतं, तर तिनेही अंक घेणं बंद केलं असतं."

"त्यांना कळलंय."

"कधी?"

"आत्ता. भात होता होता."

तो मटकन स्टुलावर बसला. 

"म्हणजे आपल्याला वाचकच नव्हते, अरुणी."

"दोन होते."

"मी इलोइलोला आईला कळवलं होतं, एका म्हातारीवर जीव जडलाय म्हणून. बिचारी नऊ दिवस माझ्यासाठी प्रार्थना करत होती."

"मग आता कळव. म्हातारी एकतीस वर्षांची आहे."

तो हसला, पण हसू ओठांवरच विरलं. मलाही तेव्हाच पत्रातली ती ओळ आठवली.

"कप्तान शहर का सोडतोय?"

"मालकांनी सकाळीच सांगितलं. या गुरुवारचा अंक शेवटचा." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "नोकरी गेली की माझा इथे राहायचा परवाना गेला. फार तर आठवडाभर राहता येईल. प्रुफं नुसती निमित्ताला आणली… तुला सांगायचं होतं. कप्तान जे जे लिहायचा ना, ते सगळं मला तुलाच म्हणायचं असायचं. तुझ्यासमोर तोंड उघडत नाही माझं."

एका सकाळीत किती धक्के बसावेत माणसाला…

"तू थांब म्हणालीस," तो हळूच म्हणाला, "तर मी इथे दारोदार नोकरी मागेन. कुठल्याही शाळेत शिकवीन. फक्त तू म्हण."

थांब. केवढासा शब्द… पण तो मी एकदा म्हटला होता, प्लोयच्या बाबाला, याच दारात. तरी तो बँकॉकला गेला तो गेलाच. तेव्हापासून तो शब्द घशाच्या वर येत नाही.

कुकरच्या झाकणातून वाफ सुटत होती. अर्विनने मान वर केली नाही.

प्लोयने मात्र खडू खाली ठेवला. इतका वेळ ती सगळं ऐकत होती.

"आई, मग पेल्हामबाई कप्तानांना थांबा का म्हणत नाहीत?"