न बांधलेला गंडा

"डावा नको, उजवा घ्या."

प्रगतीनं मुकाट्यानं उजव्या दंडाला रबर बांधलं, शीर चाचपली, सुईचं टोपण काढलं. तेवढ्यात त्यानं हात मागं ओढला.

"थांबा, थांबा... उजवा पण नको!"

"मग काय पायातून काढू?"

गणपतीचे दिवस. भोरमध्ये घरटी एक जण तापानं फणफणलेला, लॅबचा बाक सकाळपासून भरलेला आणि त्यात हा असला नखरेल पेशंट! प्रगतीच्या जिभेवर आणखी बरंच काही आलं होतं, पण डॉक्टर आतच होते.

"रागवू नका," तो ओशाळून म्हणाला. "संध्याकाळी मंडळापुढं कार्यक्रम आहे. डाव्या हाताची बोटं तारांवर, उजव्या हातात गज... कुठलाच दुखून चालायचा नाही."

"काय वाजवता?"

"व्हायोलिन."

प्रगतीची सुई हवेतच राहिली.

त्याला कारण होतं. कामथडीच्या एका कार्यालयात मावसबहिणीच्या लग्नात सगळे जेवणावर तुटून पडले असताना कोपऱ्यात एक म्हातारा व्हायोलिन वाजवत होता. प्रगती ताट तसंच ठेवून त्याच्यासमोर जाऊन बसली होती. पहिल्या बोनसमधून तिनं मोबाईलवरून व्हायोलिन मागवलं. मग सुरू झाली मास्तरांची शोधाशोध. भोरमध्ये तबला शिकवणारे होते, पेटी शिकवणारे होते, गिटारवालाही एक निघाला. व्हायोलिन म्हटलं की सगळे एकच सांगायचे, पुण्याला जा. लॅब सुटल्यावर पुण्याला जाऊन यायचं कधी आणि झोपायचं कधी? शेवटी ती मोबाईलवर बघून बघून आपणच घासत बसली. ती राहायची उत्रोलीला, आत्याकडं. पारूबाई आत्यानं पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "पगे, मांजर कुठं अडाकलंय बघ की!"

"शिकवता का?" तिनं विचारलं.

"आधी टोचा हो. भीतीनं जीव चाललाय माझा."

त्यानं डोळे गच्च मिटले. तिनं उजव्या हातातून रक्त काढलं, कापूस दाबला.

"झालं."

"झालं? कळलं पण नाही!" एक डोळा उघडून त्यानं खात्री करून घेतली. "तुमचा हात हलका आहे. रिपोर्ट चांगला आला तर शिकवतो."

"रिपोर्ट माझ्या हातात नाही."

"मग वाईट आला तरी शिकवतो."

रिपोर्ट चांगला आला. प्रगतीनं तो देताना स्वतःच उठून दिला, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

त्याचं नाव अमृत. मूळचा वेल्ह्याकडचा, घरी भातशेती. संगीत शिकायला मिरजेला गुरुजींकडं राहिलेला, आणि आता भोरमध्ये पिठाच्या गिरणीवरची एक खोली भाड्यानं घेऊन नुकताच क्लास सुरू केलेला. लग्नसराईत कार्यक्रम, एरवी शिकवण्या. खाली गिरणी सुरू झाली की वर सगळी खोली थरथरायची. तेवढा वेळ सगळ्यांनी हात थांबवून बसायचं, हा क्लासचा नियमच होता.

प्रगतीपुढं मात्र दुसरीच अडचण होती, तिचा बाप, आबा. बिरू धनगर. वेल्ह्याच्या वर डोंगरातल्या वस्तीवर शेळ्या-गुरं राखणारा, बोलायला कमी आणि बोलला की ऐकावंच लागेल असा माणूस.

"वरीसभर शीक," आबा म्हणाला. "तुझ्या मास्तरनं गुरुपौर्णिमेला चेली म्हणून पदरात घेतलं, तर म्या तोंड उघडणार न्हाई. लगीन बी तुझ्या मर्जीनं. न्हाई घेतलं तर वाजवणं बंद, आन् म्या दाखवीन त्या पोराला व्हय म्हणायचं. कबूल?"

"कबूल," प्रगती म्हणाली. तेव्हा वरीस म्हणजे लई लांबचं वाटलं होतं.

आणि ती शिकली की हो! मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवायचं, मान वाकडी करायची नाही. महिनाभर नुसता सा. बोट चुकलं की अमृत आपल्या गजाचं टोक हळूच तारेवर ठेवून जागा दाखवायचा. हात धरून त्यानं कधी शिकवलं नाही. बाकीच्यांचं मनगट तो खुशाल धरायचा, खांदे दाबून खाली बसवायचा... तिच्याच बाबतीत हा सोवळेपणा. सुरुवातीला तिला ते बरं वाटलं. मग कसंसंच वाटायला लागलं. आणि मग एके दिवशी ती मुद्दाम चुकली.

"इथं नाही, इथं," गजाचं टोक आलं.

"कुठं? दिसत नाही."

"दिसतंय तुम्हाला."

"नाही दिसत, सर."

अमृतनं तिच्याकडं पाहिलं. हसू आवरायला त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं, पण कान लाल झाले ते कुठं लपवणार! त्या दिवशी उत्रोलीच्या वडापच्या जीपमध्ये बसल्यावर प्रगतीला कळलं की आपलं काही खरं नाही. आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय, चांगलं गळ्यापर्यंत.

आषाढ आला. उत्रोलीच्या खाचरांत भाताची लावणी चालली होती, आत्या चिखलात, आणि प्रगती नवी साडी नेसून, नारळ-पेढे घेऊन गिरणीवरच्या खोलीत.

अमृतच्या गुरुजींची रीत अशी, की वर्षभर टिकला त्याच्या मनगटाला गुरुपौर्णिमेला गंडा बांधायचा. गुरूच्या हातचा लाल दोरा. तो बांधला की शिष्य घरचा झाला. त्या दिवशी अमृतनं क्लासमधल्या शिवानीला गंडा बांधला, तिच्या भावाला बांधला. संपतकाकांनाही बांधला! एसटीतून निवृत्त झालेले संपतकाका... माणूस देवासारखा, पण सा आजवर एकदाही जागेवर लागला नव्हता. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

प्रगतीनं हात पुढं केला.

अमृतनं दोरा उचलला. खाली ठेवला.

"तुमचं... नंतर बघू."

"नंतर म्हणजे?"

"नंतर," म्हणून तो संपतकाकांना पेढा द्यायला वळला.

चारचौघांत झालं होतं. प्रगती नारळ तिथंच ठेवून जिना उतरली. वडापमध्ये रडायचं नाही म्हणून दात दाबून बसली, आणि घरी येऊन आत्याच्या चिखलानं भरलेल्या पदरात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. संपतकाकांना गंडा, आणि आपण? इतकं वाईट वाजवतो आपण? आणि आबाला आता काय सांगायचं?

"रडू नगं," आत्या म्हणाली. "त्येच्या तोंडावर इचार. भितीस काय त्येला?"

दुसऱ्या दिवशी लॅब सुटल्यावर ती थेट जिना चढली. अमृत एकटाच होता. तिनं व्हायोलिनची पेटी त्याच्यासमोर ठेवली.

"ही घ्या. कुणाला तरी देऊन टाका."

"का?"

"का? आबांना शब्द दिलाय मी. तुमी पदरात घेतलं नाही तर वाजवणं बंद, आणि ते दाखवतील त्याच्याशी लग्न. संपतकाकांपेक्षा मी वाईट वाजवते, तर तसं तोंडावर सांगायचं. सगळ्यांपुढं हात पुढं करायला लावून..."

अमृतचा चेहरा उतरला. "लग्नाचं मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर बांधला असता?"

"नसता."

आता मात्र त्याला धरून हलवावं असं तिला वाटलं. "का पण?"

"कारण..." तो उठला, पुन्हा बसला. "आमच्या गुरुजींची मुलं आणि आम्ही शिष्य, सगळे भाऊ-बहीण. गंडा बांधला की शिष्य म्हणजे पोटचं लेकरू. मी तुम्हाला गंडा बांधला असता, तर जन्मभर तुमचा बाप होऊन बसलो असतो. आणि मला... मला तुमचा बाप व्हायचं नाहीये, प्रगती."

खाली गिरणी सुरू झाली. नियमाप्रमाणे दोघंही गप्प. प्रगतीला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. काय करावं ते कळेना म्हणून ती पेटीचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली. गिरणी थांबायला भारी वेळ लागला.

"मग एवढं वर्ष शिकवलंत ते?" ती शेवटी म्हणाली.

"तीच चूक झाली. पहिल्याच महिन्यात सांगायला हवं होतं की दुसरे मास्तर बघा. पण मग तुम्ही आला नसता." त्यानं मान खाली घातली. "गुरुजींकडं पाठवायचाही विचार केला. पण त्यांनी गंडा बांधला तर तुम्ही माझी गुरुबहीण."

"अगं बाई! म्हणजे सगळीकडून दार बंद?"

"कामथडीला रत्नाताई आहेत. त्यांचं घराणं वेगळं, आमचा त्यांचा काही संबंध नाही. कडक आहेत. कुणाला लवकर घेत नाहीत. पण वाजवणं जाऊ देऊ नका. माझ्यासाठी तर मुळीच नाही. तुमचा हात खरंच चांगला आहे, हे मी शिकवणारा म्हणून सांगतोय."

"आणि दुसरा म्हणून काय सांगताय?"

"ते सांगायचा हक्क आत्ता नाही मला."

प्रगतीनं पेटी उचलली. रविवारी वस्तीवर जाऊन तिनं बापाला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. आबानं बराच वेळ तंबाखू मळली.

"मास्तर इमानी दिसतोय," तो म्हणाला. "पण बोली ती बोली. बाईनं दिवाळीपातुर गंडा बांधला तरच."

रत्नाताईंनी पहिल्या दिवशी तिला दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्या खेपेला ऐकलं आणि एवढंच विचारलं, "गज कुणी धरायला शिकवला? बरा धरतेस. बाकी सगळं पहिल्यापासून." प्रगतीनं पहिल्यापासून सुरू केलं. उत्रोलीहून भोर, भोरहून कामथडी. लॅबमध्ये उभं राहून पाय मोडायचे, तरी ती जायची. बोटांना घट्टे पडले. अमृतला ती भेटली नाही, फोन केला नाही. बाजारात एकदा समोरून आला, तर दोघंही भाजी बघत राहिले. त्या दिवशी तिनं नको असलेली कारली घरी आणली.

दसऱ्याला रत्नाताईंनी तिला तासभर वाजवायला लावलं. मग डबीतून दोरा काढला.

प्रगती कामथडीहून निघाली ती तडक गिरणीवरच्या खोलीत. अमृत तारा बदलत बसला होता. ती उंबऱ्यातच उभी राहिली, धाप लागलेली, आणि तिनं उजवा हात पुढं केला. मनगटाला लाल दोरा.

"रत्नाताईंनी बांधला," ती म्हणाली. "आता तुमी माझे सर नाही, गुरू नाही, गुरुभाऊ नाही. तुमी माझे कुणी कुणी लागत नाही."

अमृत तिच्या मनगटाकडं पाहतच राहिला. "कुणीच नाही?"

"कुणीच नाही," प्रगती म्हणाली. "म्हणून तर आले."

तो उठला. हातातली तार खाली पडली ती त्यानं उचललीही नाही.

"आबा कधी भेटतील?"

"रविवारी. पण व्हायोलिन आणू नका हं... त्यांना वाटेल शिकवायला आलात."