पुरे म्हणणारी लेक

टेबलाखाली मांजर आहे, एवढं एक वाक्य इंग्रजीत म्हणून न्गान नावाची मुलगी खाली बसली, आणि तिच्या शिक्षिकेला, शाल्मली गावडेला, जांभई आली.

ती तिने गिळली. पण पहिल्या बाकावरच्यांनी गिळताना पाहिलीच, आणि पुढच्या मुलाने उभं राहायला चक्क नकार दिला. मे महिना लागला की असंच व्हायचं. सप्टेंबरात शाळा उघडताना याच वाक्याला ती अशी उजळायची, की जणू मांजर, टेबल आणि दोघांमधलं ते 'खाली' जगात आजच पहिल्यांदा एकत्र आलंय. तो उजेड तिथल्या नव्या वर्षाच्या सणापर्यंत पुरायचा. मग वात हळूहळू काजळायला लागायची.

व्हिएतनामच्या किनाऱ्यावरच्या त्या लहानशा गावात, आणि एव्हाना जगातल्या बहुतेक गावांत, भाषा शिकवणाऱ्या यंत्रांना तोटा नव्हता. यंत्रं रागवत नसत, दमत नसत. तरी मुलं त्यांच्यापुढे तोंड उघडेनात. कारण शोधता शोधता बरीच वर्षं गेली, आणि सापडलं ते फार साधं निघालं. मूल बोलतं ते समोरचा चेहरा उजळतो म्हणून. आणि तो उजेड खरा की ओढूनताणून आणलेला, हे मुलाला शब्द कळायच्या आधी कळतं.

मग देशोदेशीचे शिक्षक पुन्हा बोलावले गेले. आजऱ्याची शाल्मली आली, वसईचा ऑस्टिन डाबरे आला. पण मांजरही तेच नि टेबलही तेच. माणसाचा चेहरा तरी किती वेळा उजळणार?

त्यावर जो उपचार निघाला त्याचं कागदोपत्री नाव लांबलचक होतं. तिथले मराठी शिक्षक त्याला पुनर्नवा म्हणत. बांधावर पसरणारी ती वेल उन्हाळ्यात पार वाळून जाते आणि पावसात त्याच मुळातून कोवळी होऊन उठते, तसंच हे. एखादी गोष्ट मेंदूपुढे पुन्हापुन्हा आली की मेंदू तिच्यावर 'हे झालंय' अशी खूण करतो आणि तिच्याकडे पाहणं सोडून देतो. घरातल्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येईनाशी होते ती यामुळेच. अशा खुणांचे थरावर थर साचले की त्याला आपण कंटाळा म्हणतो. सुट्टीतल्या एका दुपारी शिक्षकाला आरामखुर्चीत निजवायचं, नाकात एक फवारा मारायचा, डोक्याला मंद कंपनं द्यायची, की तो थर विरघळून जाई. आठवण एकही जात नसे. जायची ती फक्त खूण.

"मी या वर्षी डोकं धुऊन घेणार नाही," शेवयांच्या वाडग्यात लिंबू पिळत ऑस्टिन म्हणाला. बंदराजवळच्या टपरीवर, जंगली बदामाच्या सावलीत दोघं रोज दुपारी जेवत.

"हे तू गेल्या वर्षीही म्हणालास."

"म्हणालो. मग धुतलं, आणि मला माझंच पटेनासं झालं. जायचं कशाला? वर्ग छान, समुद्र छान, तुझी बडबडसुद्धा छान."

"सुद्धा?"

"गावडेबाई, ऐकून घे. दमलेला आहे तोवरच निघायला हवं. एकदा टवटवीत झालो की मला इथून कोण हलवणार?"

"आणि जाऊन करणार काय?"

"सुकेळी." राजेळी केळी सोलायची, दिवसदिवस उन्हात वाळवायची, उलटायची, पुन्हा वाळवायची; मधासारखी तांबूस झाली की पानात बांधायची. ऑस्टिनच्या वडिलांची वाडी त्यावरच चालली होती.

"त्याचाही कंटाळा येईल."

"येणारच! बाबांना जन्मभर येतोय. कंटाळत कंटाळत केळी उलटतात आणि उलटता उलटता मला शिव्या घालतात." तो हसला. "तुझं काय ठरलं?"

शाल्मलीचं काही ठरत नव्हतं. सायगावच्या एका कचेरीत भाषांतरं तपासायचं काम मिळत होतं. शाळा तिला मुख्य शिक्षिका करायला तयार होती. आणि आजऱ्याला आई होती, घनसाळ भाताचं शेत होतं, तालुक्यातल्या शाळेत जागा निघाली तर निघाली. तिन्ही गोष्टी तिच्यापुढे वाडग्यातल्या वाफेसारख्या वर येत आणि विरत. दमलेल्या माणसाला निवडायचाही शीण होतो.

आईचा फोन रविवारी संध्याकाळी येई. बाबा गेल्यापासून आई एकटीच होती. तिला तिच्या आईकडून ओव्यांचा छंद आला होता. जातं कधीच मोडीत निघालं, ओवी तेवढी मागे राहिली. फोन ठेवण्याआधी ती दर रविवारी एकच ओवी म्हणे, लेक परदेशी गेली तेव्हा स्वतः जुळवलेली:

समिंदराच्या गं पल्याड, माझ्या लेकीचं बिऱ्हाड
वारा येई वारा जाई, त्याला न्हाई गं कवाड

त्या रविवारी आई "समिंदराच्या" एवढं म्हणते न म्हणते तोच शाल्मली खेकसली, "पुरे गं आई! पाठ झालीय मला. दर आठवड्याला काय तेच ते?"

पलीकडून आईचं हसू, आणि हसण्यातच नाक ओढल्याचा आवाज.

"रडतेस?"

"न्हाई गं बाय. बोल की. अजून बोल. किती दिसांनी अशी अंगावर आलीस."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काय नि म्हणजे काय! एरवी सगळं गोडच बोलतीस. आई काय सुंदर, आई किती छान. मला सरपंचाच्या बायकोसंगं बोलल्यागत वाटतंय."

आई बोलत होती ते शाल्मलीने ऐकलं, पण तिच्या मनात राहिलं ते नाक ओढणं. आपण आईला तोडून बोललो, आई रडली, आणि वर आपल्यालाच सावरून घ्यायला हसली. यातून एक मात्र झालं: तिचं ठरलं. घरी जायचं. पण हा करपलेला चेहरा घेऊन नाही.

उपचार करणाऱ्या डॉक्टर लिएन पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, दर वाक्याआधी चहाचा घोट घेणाऱ्या बाई होत्या.

"शाळा सोडताय, तरी उपचार हवाय?"

"माझी उमेद सगळी दुसऱ्यांच्या पोरांना हसरा चेहरा दाखवण्यात गेली, डॉक्टर. आईला काय उरलासुरला दाखवू?"

डॉक्टरांनी घोट घेतला. "एक सांगते. फळा कुठला आणि आई कुठली, हे त्या फवाऱ्याला कळत नाही. तो सगळ्याच खुणा विरघळवतो. दर सप्टेंबरात तुम्ही तुमच्याच खोलीच्या पायरीला अडखळता ना?"

"अडखळते. डाबरेसर पोट धरून हसतात."

"पायरी तुम्हाला आठवत असते. पण पायांनी तिच्यावर केलेली खूण गेलेली असते. आपण ज्याला ओळखीचं म्हणतो ते पुष्कळसं असंच असतं, न पाहता चालता येणं."

"पण आई म्हणजे काय पायरी आहे?"

डॉक्टर हसल्या नाहीत. "माझी आई याच गावात राहते," त्या म्हणाल्या. "मी हा उपचार कधी घेतला नाही."

"का?"

"तशी वेळ आली नाही," असं म्हणून त्यांनी कप उचलला, तर त्यात चहा नव्हता.

शाल्मली खुर्चीत टेकली. नाकात ओल्या मातीसारखा वास शिरला. जागी झाली तेव्हा खिडकीतलं ऊन इतकं पिवळं होतं की तिला हसू फुटलं. शाळेवरून येताना फाटकाचा निळा रंग पाहून ती थबकली. हे सोडून मी का चालले होते? कारण आठवत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या दुखण्यासारखं. तिकीट काढलेलं होतं, आईला शब्द दिलेला होता, आणि ऑस्टिन बॅगा भरून दारात उभा होता, म्हणून ती निघाली. निघताना आपल्या खोलीच्या पायरीला ती अडखळलीच.

"हस ना," ती म्हणाली.

"या वेळी नाही येत हसू," ऑस्टिन म्हणाला.

आजऱ्याच्या पुढे, वळणावर, जांभळीमागे घर. तिला सगळं आठवत होतं: जांभळीची तुटकी फांदी, बारसं करून साडी नेसवलेली बाहुली, पहिल्या पगारातून आईला आणलेले निळ्या फुलांचे कप. आई दारात, उंबऱ्याच्या आत उभी होती. शाल्मली धावतच गेली, आणि दाराच्या चौकटीवर तिचं कपाळ खाडकन आपटलं.

चौकट बुटकी होती. उंची वाढली तेव्हापासून तिथे मान आपोआप वाकायची. झोपेत, अंधारात, भांडून पाय आपटत जातानासुद्धा. आईने कपाळावर तळहात दाबून धरला. तो हात खरखरीत होता, ऊबदार होता, आणि शाल्मलीला वाटलं, किती छान हात आहे हा.

"लागलं व्हय?" आई म्हणाली. मग जरा थांबून, चौकटीकडे बघत, "तिथं पाव्हण्यांचं आपटतंय."

दिवस सुखाचे गेले. खरंच सुखाचे. घनसाळ भाताचा वास घरभर दरवळला की शाल्मली डोळे मिटून उभी राही. तरव्यावरून हात फिरवी आणि त्या हिरव्या लुसलुशीत रोपांचं कौतुक करी. आईने एकच गोष्ट चार वेळा सांगितली तरी चारही वेळा ती हनुवटीला हात लावून ऐके. आई आधी हरखली. मग तिने फडताळातून निळ्या फुलांचे कप काढले, जे आल्यागेल्यासाठी राखलेले होते, आणि लेकीला रोज त्यातून चहा देऊ लागली. बसायला खुर्ची पुढे करू लागली. "राहू दे गं, मी करते," म्हणू लागली. दोघींत एकदाही भांडण झालं नाही.

वसईहून ऑस्टिनचा फोन आला. "वैतागलोय!" तो आनंदाने ओरडला. "केळी उलटून उलटून कंबर मोडली. बाबा रोज तोच किस्सा सांगतात, आणि मी रोज म्हणतो, बाबा, झाला सांगून. तुझं कसं?"

"सगळं छान."

"सगळं?"

"सगळंच."

मग त्याने विचारलं, "सप्टेंबरात परत जाणारेस? तुझी जागा ठेवलीय म्हणे त्यांनी."

"जाईनही. राहीनही. ते सायगावचं कामही वाईट नाही." तिने मनापासून सांगितलं, "मला तिन्ही सारखंच छान वाटतंय, ऑस्टिन."

"तेच तर," तो म्हणाला. "कुठे जायचं ते दमलेले पायच सांगतात गं. तुझे पाय धुऊन निघालेत."

फोन ठेवल्यावर ती परसात आली. आई चुलीपाशी बसून काजूच्या बिया निवडत होती आणि गुणगुणत होती. "समिंदराच्या गं..." म्हणाली आणि तिथेच थांबली. रोज ती अशीच, तिथेच थांबे. मान किंचित तिरकी, कान लेकीकडे, हातातली बी हातातच.

तेव्हा शाल्मलीला कळलं आई कशाची वाट पाहते ते. फोनवरचं ते हसणं कशाचं होतं, तेही कळलं. तो शब्द तिला ठाऊक होता. लहानपणापासून तिनेच तर तो हजारदा या परसात फेकला होता. आईला तेवढंच हवं होतं, आणि ते द्यायला काय लागतं? तिने कपाळाला आठी घातली, हात कमरेवर ठेवले.

"पुरे गं आई! रोज काय तेच ते?"

आईने वर पाहिलं. पहिल्या बाकावरच्या मुलांनी पाहावं तसं पाहिलं.

"राहू दे, बाय," ती हळूच म्हणाली. "यील तवा यील."

"आई, मला ती खरंच फार आवडते गं. म्हण ना. पहिल्यापासून म्हण."

आईने पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि पाव्हण्यापुढं म्हणावी तशी नीट सुरात, पहिल्यापासून म्हटली.