रिकामं जातं

जायचं तर जा, सम्यक. तिकिटं काढलीस, पोरांना कबूल केलंस, आता मी कामून आडवा येऊ? गुहा बघा, झोके खेळा. फक्त गुहेच्या तोंडाशी एक जातं मांडलंय. फोटोसाठी सगळे फिरवतात. आपल्या पोरांना त्याला हात लावू देऊ नको.

हसतोस व्हय? बस मग. लाइट येईस्तोवर सांगतो.

आपल्या मुकुंदवाडीतला गोकुळ ठाऊक आहे ना, स्टेशनामागं राहतो तो? त्याच्याच तोंडून ऐकलंय. माझा मीठमसाला नाय यात. तो त्या पार्कात मॅनेजर होता, फुलंब्रीच्या पुढं. आता आपला मुलूख सगळा काळ्या फत्तराचा, इथं चुनखडीची गुहा कुठून येणार? पण मालक कुठंतरी सहलीला गेला, बघून आला, अन् गड्यानं सिमेंटावर चुना मारून इथं उभी केली! वरून पांढरे सुळके लोंबतात, पंपाचं पाणी टिपकतं. शहरातली पोरं आ वासून बघतात. बाजूला जुनं गाव मांडलंय. कुंभाराचं चाक, लोहाराचा भाता, अन् जात्यावर दळणारी म्हातारी.

ती म्हातारी म्हणजे गोजरबाई. जातं तिचं स्वतःचं, सासूनं दिलेलं. भरवशावर आणून ठेवलं बिचारीनं. पण दाणे घातले की पीठ सांडतं, मुंग्या होतात. म्हणून गोकुळ म्हणाला, "मावशे, रिकामंच फिरव. लोकांना काय कळतंय?"

"साहेब, रिकामं जातं फिरवू नाय," ती म्हणाली. "ज्याचं रिकामं फिरतं, त्याचं घर दळलं जातं."

खो खो हसले सगळे. फिरवलं तिनं. पोटासाठी माणूस काय करत नाय?

मग गेटावर अंगठ्याची मशीन आली. हिचा अंगठा काय लागंना. जन्मभर दळून, सारवून बोटाच्या रेघाच झिजलेल्या. दाबला की मशीन बोलायची, "प्लीज ट्राय अगेन." रोज तेच. एक दिवस गोकुळनं तिला चारचौघांत गेटावरच अडवलं. "मशीन म्हणते तू नाहीसच, मावशे. जा घरी."

"जाते. माझं जातं दे."

"ते सिमेंटात बसवलंय. आता पार्कचं झालं ते."

शिवी नाय, शाप नाय. रोज यायची, गेटाबाहेर बसायची. आत लोक फोटोसाठी जातं फिरवायचे, त्याची घरघर ऐकायची. श्रावणात गेली. तिथंच, गेटाबाहेर. अन् हा गोकुळ तव्हा काय म्हणाला असंल? "पिडा टळली." मला अजून राग येतो रे त्याचा.

आता ती रात. गेल्या साली भाऊबीजेची. दिवाळीची सुटी म्हणून गोकुळनं बायकोला, सोनियाला, अन् लेकीला पार्कातल्याच खोलीत मुक्कामाला आणलं होतं. लेक अमृता, सात वर्षांची. जीव की प्राण त्याचा. दिवसभर गुहेत बागडली. झोपताना बघती तर एका पायात पैंजण नाय. बसली रडत.

"रडू नको गं, आत्ता आणतो," म्हणून गोकुळनं बॅटरी घेतली. साडेअकरा झाले होते. बिजेची कोर कवाच मावळली होती. गेला आपला, गाणं गुणगुणत.

गुहेपाशी आला. पंप बंद होता, त्यानं स्वतः केलेला. तरी आत पाणी टिपकत होतं.

टिप... टिप...

मग घरघर.

त्याला वाटलं, कुणी पाहुणा चाळा करतोय. बॅटरी मारली.

गोजरबाई. एक पाय लांब करून, दळायला बसतात तशी.

शेजारी अमृता.

पोरीचा हात जात्याच्या तोंडात... मनगटापर्यंत.

"अमृता!"

पोरगी वळली नाय.

"वैरण घालतीय," म्हातारी म्हणाली. वैरण म्हणजे दळताना जात्यात मूठमूठ दाणे घालतात ना, ते.

"मावशे, पाया पडतो. लेकराला सोड. जातं घेऊन जा..."

"बस."

बसला. खुंटा धरला. गरम होता.

"आता तू घाल."

"दाणा... दाणा कुठंय?"

"मी काय घालत व्हते?"

...

घातली त्यानं. रिकामी मूठ. थांबला की पोरीचा हात आत सरकायचा. कोपरापर्यंत. म्हणून थांबंना. हा हात थकला की तो. रिकामी मूठ. फेर. रिकामी मूठ.

"मावशे, चुकलो... बोल की काय तरी..."

...

फेर.

...

उजाडताना झाडणारे आले. गोकुळ एकटाच जातं ओढत होता, लेकीला हाका मारत. त्यांनी धरून उठवला. तसाच पळत सुटला खोलीकडं.

अमृता आईच्या कुशीत गाढ झोपलेली. दोन्ही पायांत पैंजण.

"अहो, तुम्ही गेलात अन् लगेच उशीखाली सापडलं," सोनिया म्हणाली. "वाट बघता बघता डोळा लागला माझा. पण ही रातभर जागची हलली नाय."

रातभर रिकामंच दळलं, लेका.

तसाच गेटावर आला. सवयीनं अंगठा दाबला.

"प्लीज ट्राय अगेन."

दुसरा दाबला. मग एकेक बोट... दहाबी झाली.

काय म्हणतोस? मशीन बिघडली असंल? असंल की. मागच्या सगळ्यांचे लागत होते.

मालकाच्या हातापाया पडला, जातं उकरून तिच्या घरी पोचवा म्हणून. मालक म्हणाला, गर्दी त्याच्यावरच तर होते. मग नोकरी सोडली. वाळूजला गेला, तर तिथंबी गेटागेटावर मशीन. आता कुणी आत घेतंय का म्हणून गेटाबाहेर बसून राहतो.

डॉक्टरनं तपासलं. जखम नाय, भाजल्याचा डाग नाय. दुखतबी नाय म्हणतो.

परवा इथंच, या ओट्यावर बसला होता. नुसता माझा हात हातात घेतला. दहाची दहा बोटं, सम्यक... गुळगुळीत. जुन्या जात्याच्या खुंट्यासारखी.