निंभोरकरांच्या विमानातला संकेत

बोरखेड्याच्या उड्डाणशाळेत त्या आठवड्यात एकच प्रश्न होता आणि तो कुणालाच सुटत नव्हता: ब्लूटूथचा संकेत फक्त कॅप्टन निंभोरकरांच्याच उड्डाणात चांगला का मिळतो?

शाळेची सहा विमानं, सगळी दोन आसनांची. प्रत्येकात आसनांच्या मागे, सामानाच्या कप्प्यात एक पेटी बसवलेली. उंची, वेग, दिशा, इंजिनाचं तापमान ही सगळी माहिती ती पेटी गोळा करायची आणि वैमानिकाच्या मांडीवर पट्ट्याने बांधलेल्या टॅबलेटकडे ब्लूटूथने पाठवायची. म्हणजे पाठवणं अपेक्षित होतं. प्रत्यक्षात टॅबलेटवरचे आकडे मध्येच गोठायचे आणि दहा सेकंदांनी एकदम उडी मारून पुढे जायचे. हँगरमध्ये उभ्या विमानात संकेत ठणठणीत असायचा, आणि विमान हवेत गेलं की पुन्हा रड.

या पेट्यांची जबाबदारी वृषाली कुंभारे हिच्याकडे होती. शाळेतली इलेक्ट्रॉनिक्सची ती एकटीच अभियंता. तिने पेटी बदलून पाहिली, टॅबलेट बदलून पाहिला, शेवटी पुण्याहून नवा ‘स्वयंजुळणी ग्राहक’, म्हणजे रिसीव्हर, मागवला. टॅबलेटच्या पाठीला चिकटवायचा हा एक चपटा तुकडा होता. येणाऱ्या लहरींचे शेकडो मार्ग तपासून त्यातला सगळ्यात चांगला मार्ग तो आपला आपण निवडायचा. संकेत नव्वद टक्क्यांच्या खाली जाणारच नाही, अशी कंपनीची हमी होती. संकेत एकसष्टवर गेला आणि तिथेच मुक्काम ठोकून बसला.

आठव्या दिवशी वृषालीने सगळ्या उड्डाणांच्या नोंदी पडद्यावर शेजारी शेजारी लावल्या. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर तीन रकाने होते: तारीख, विमान, वैमानिक. बाकी सगळ्यांचे आलेख सारखेच थरथरत होते. कॅप्टन निंभोरकरांच्या आलेखात मात्र मधूनच सपाट पट्टे दिसत होते. बारा-पंधरा सेकंद संकेत सत्त्याण्णव टक्के, अगदी स्थिर, आणि मग पुन्हा थरथर. एका उड्डाणात असे साधारण अकरा पट्टे, तेही बहुतेक विमान उतरतानाचे. विमान कुठलंही असो, कॅप्टन आत असले की पट्टे हजर.

“ब्लूटूथसुद्धा सरांना टरकतं,” असं कँटीनमध्ये सगळे म्हणू लागले. कॅप्टन निंभोरकर शाळेचे मुख्य शिक्षक. वय एकसष्ट, सव्वीस वर्षं शिकवलेली, आणि आवाज असा की बिनतारी यंत्राची गरजच काय, असं विद्यार्थी त्यांच्या पाठीमागे म्हणायचे. समोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

वृषालीने ग्राहक बनवणाऱ्या डॉ. सुधन्वा रिसबुडांना पुण्याला व्हिडिओवर गाठलं.

“उभ्या विमानात तपासता तेव्हा आसनावर कोणी बसलेलं असतं?” त्यांनी विचारलं.

“नाही. मी बाहेरून वाकून टॅबलेट ठेवते.”

“मग घोडं तिथेच पेंड खातंय. माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी, तेही खारट. ब्लूटूथच्या लहरी अशा पाण्यात जिरतात. पेटी पाठीमागे, टॅबलेट मांडीवर आणि मध्ये वैमानिकाचं धड. कडेने, छतावर आपटून जे काही पोचेल तेवढंच. आम्ही याला देहछाया म्हणतो.”

“पण ती छाया चुकवण्यासाठीच तर तुमचा ग्राहक आहे.”

“आहे. छाया चुकवणारा मार्ग शोधायला त्याला दोनेक सेकंद लागतात. तेवढ्यात वैमानिक श्वास घेतो. छाती जरा पुढे येते, छाया सरकते, सापडलेला मार्ग हातचा जातो. पुन्हा शोध सुरू.” रिसबूड थोडे ओशाळले. “आमच्या हे लक्षात आलं नाही, कारण प्रयोगशाळेत आम्ही खारट पाणी भरलेला पुतळा बसवला होता. पुतळा श्वास कुठे घेतो? त्याच्यावर सत्त्याण्णव टक्के यायचे.”

सत्त्याण्णव हा आकडा ऐकून वृषाली सरसावून बसली. तिने कॅप्टनचे आलेख पडद्यावर आणले. रिसबुडांनी ते दोनदा पाहिले आणि मग चष्मा काढून ठेवला.

“या पट्ट्यांत वैमानिकाचा श्वास बंद आहे,” ते म्हणाले. “वय काय यांचं?”

“एकसष्ट.”

“घोरतात का?”

“ते मी कसं सांगू, सर?”

“झोपेत श्वास अडकण्याचा विकार असतो. दहा-पंधरा सेकंद श्वास थांबतो, मग आपोआप सुरू होतो. बहुतेकांना पत्ताही नसतो. रात्रीची झोप पुरी होत नाही, म्हणून दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो.”

“उतरताना? विमान उतरताना कुणाला झोप लागेल?”

“उतरवतं कोण? विद्यार्थीच ना? शिक्षक नुसता बसलेला असतो.”

हे वृषालीला पटलं आणि पटलंही नाही. निंभोरकर विमानात नुसते बसलेले कुणी पाहिले नव्हते. पण आलेख तर समोर होता. नियमही स्पष्ट होता: अशी शंका आली की तीन दिवसांत लेखी कळवायचं. कळवलं की त्यांचा परवाना स्थगित होणार, आणि या वयात स्थगित झालेला परवाना परत मिळाल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. कळवलं नाही, तर एखाद्या दिवशी सहाशे फुटांवर एक घाबरलेला विद्यार्थी आणि शेजारी झोपलेला शिक्षक. तिला रडू यायला लागलं आणि त्याचा रागही आला.

पाठीमागून अहवाल पाठवणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती सरळ कॅप्टनच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं.

“मला झोप लागते?” खिडकीच्या काचा हादरतील असा आवाज लागला. “विमानात?”

“आलेख तसं म्हणतोय, सर.”

“आलेखाला म्हणावं, माझ्याशेजारी येऊन बस!”

मग आवाज खाली आला. “घरी टीव्हीपुढे डोळा लागतो माझा. बायको म्हणते, तुम्ही घोरता घोरता मध्येच थांबता आणि मला धडकी भरते. मला वाटायचं, थट्टा करते.” त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. “कुंभारे, खरंच झोपत असेन का मी? माणसाला स्वतःचं कळायला नको?”

या माणसाला एखाद्या उत्तराची खात्री नाही, असं तिने पहिल्यांदाच पाहिलं.

“आपण पाहूनच घेऊ,” ती म्हणाली. “मी कॉलेजात असताना नाशिककडे चाळीस तास विमान चालवलंय. मी डावीकडे बसते, विद्यार्थ्याच्या जागी. तुम्ही उजवीकडे. विमान मी उतरवते, तुम्ही शिकवा. तुम्हाला डुलकी लागली तर निदान मी जागी असेन.”

“चाळीस तास आणि मला उतरवणार,” कॅप्टन पुटपुटले. पण टोपी घेऊन उठले.

दुपारी चार वाजता ते वर गेले. वृषालीने टॅबलेट मांडीला बांधला होता आणि कॅप्टनच्या चेहऱ्यासमोर एक छोटा कॅमेरा लावला होता. सपाट उडताना संकेत एकसष्ट, बासष्ट. कॅप्टन टक्क जागे. धावपट्टीकडे वळताच त्यांनी तोंड उघडलं.

“वेग बघ! वेग! कुठे बघतेस? नाक खाली. अगं खाली म्हणतोय मी, वर नव्हे! डावा पाय! पाय आहे ना तुला?”

वृषालीने डावा पाय दाबला. नजर क्षणभर मांडीवर गेली: सत्त्याण्णव. तिने चटकन उजवीकडे पाहिलं. कॅप्टनचे डोळे सताड उघडे होते, तिच्यावर रोखलेले, आणि तोंड चालूच होतं. “माझ्याकडे काय बघतेस? मी धावपट्टी आहे?” पुन्हा साठ. पुन्हा सत्त्याण्णव. बोलणाऱ्या माणसाचा श्वास बंद कसा असेल? तिचं डोकं गरगरायला लागलं. विमान दोन उड्या मारून एकदाचं टेकलं.

खाली आल्यावर तिने आलेख आणि कॅमेऱ्याचं चित्रण रिसबुडांना दाखवलं. कॅप्टन तिच्या मागे हाताची घडी घालून उभे होते. दहा पट्टे. दहाही पट्ट्यांत कॅप्टन जागे, बोलत असलेले.

“हे अशक्य आहे,” रिसबूड म्हणाले. “टॅबलेट वैमानिकाच्या मांडीवरच होता ना?”

“हो, माझ्या मांडीवर.”

“तुमच्या? वैमानिक तर निंभोरकर आहेत. नोंदीत तसं लिहिलंय.”

वृषाली तोंड उघडं ठेवून पडद्याकडे पाहत राहिली. उड्डाणशाळेत ‘वैमानिक’ या रकान्यात नेहमी शिक्षकाचं नाव असतं, कारण विमानाची जबाबदारी त्याची. टॅबलेट मात्र विद्यार्थ्याच्या मांडीवर असतो, कारण विमान तो चालवतो. हे शाळेतल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तिलासुद्धा.

“छाया माझी होती,” ती म्हणाली. “श्वास मी रोखत होते.”

“दहा वेळा?”

“मला कळलंसुद्धा नाही.”

कॅप्टन मोठ्याने हसले. ते हसतात हे वृषालीला ठाऊक नव्हतं. “म्हणजे मी ठीक आहे! मी जागा असतो!” त्यांनी टेबलावर थाप मारली. “घाल तो अहवाल कचऱ्यात!”

“विमानात तुम्ही जागे असता. घोरण्याची मात्र डॉक्टरांकडे तपासणी करून घ्या, सर. पेटीचं सोपं आहे. छताला लावते. मग मध्ये कुणाचं धड यायला नको.”

“लाव, लाव.” मग त्यांचं हसू हळूहळू ओसरलं. “थांब. बाकीच्या शिक्षकांबरोबर हे पट्टे नाहीत?”

“नाहीत.”

“विद्यार्थी एकटेच उडवतात तेव्हा?”

“तेव्हाही नाहीत. फक्त तुमच्याबरोबर.”

“सगळ्यांचे?”

“या आठवड्यात चौदा विद्यार्थी तुमच्याबरोबर उडाले, सर. चौदाही जणांचे.”

रिसबुडांनी घसा साफ केला. “श्वास रोखून धरलेल्या माणसाचं सगळं लक्ष भीतीकडे असतं. त्या वेळी सांगितलेलं डोक्यात शिरत नाही.”

“मी तर नेमकं त्याच वेळी सांगतो,” कॅप्टन म्हणाले. “सव्वीस वर्षं.” ते खुर्चीवर बसले. परवाना वाचल्याचा आनंद त्यांच्या तोंडावरून पार पुसला गेला होता. ते म्हणाले, “झोपच लागत असती तर परवडलं असतं, कुंभारे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटी छताला लावू दिली नाही. “आज एक दिवस राहू दे. मला माझ्या विमानात संकेत खराब आलेला बघायचाय.”

त्या दिवशी निलोफर तडवीची पाळी होती. चोपड्याकडची मुलगी, हुशार, पण एकटीने उडायची परवानगी दोनदा हुकलेली. चाळीस मिनिटांनी विमान उतरलं, आणि उतरलं तेही चांगलं. टॅबलेट सोडवून घेताना वृषालीने विचारलं, “कसं झालं?”

“गेलं माझं, ताई,” निलोफर कुजबुजली. “सर एक शब्दही बोलले नाहीत. ओरडले असते तर कळलं तरी असतं काय चुकतंय. त्यांनी माझा नादच सोडला वाटतं.” आणि ती पाण्याची बाटली घेऊन हँगरच्या कडेच्या कट्ट्यावर जाऊन बसली.

कॅप्टन लगबगीने आले. एखादा पोरगा निकाल पाहायला यावा तसा त्यांचा चेहरा होता. “किती?”

“एकोणीस पट्टे, सर.”

“शक्यच नाही! एकदाही आवाज चढवला नाही मी. दात-ओठ आवळून बसलो होतो.”

“तुम्ही काहीच बोलला नाहीत. त्याचीच भीती वाटली तिला.”

कॅप्टननी आलेख बोटाने पुढे-मागे सरकवला. “ओरडलो तर अकरा. गप्प बसलो तर एकोणीस. मग मी करायचं तरी काय?”

“मला नाही माहीत,” वृषाली म्हणाली. ते खरंच होतं. “तिलाच विचारा.”

“तिला? काय विचारू?”

“हेच.”

कॅप्टन कट्ट्याच्या दिशेने निघाले. ते दहा पावलांवर असतानाच निलोफरने त्यांना पाहिलं आणि ती ताडकन उठून उभी राहिली. बाटली हातात तशीच, गालात पाणी. तो घोट ती गिळत नव्हती. कॅप्टन थबकले. पुढे जावं की मागे फिरावं हे त्यांना समजेना. मग ते होते तिथेच, भर उन्हात, सिमेंटवर मांडी घालून बसले आणि ती खाली बसण्याची वाट पाहू लागले.