सकाळचा पहिला फोटो

तपासणी केंद्र उघडलं की सगळ्यात आधी फोटो निघायचा तो आत्याबाईंचा. आत्याबाई म्हणजे तळहाताएवढा, पारदर्शक प्लास्टिकचा एक जाड ठोकळा. त्याच्या पोटात मेण, आणि मेणात कंपनीने मुद्दाम पेरलेले बारीक ठिपके, धागे आणि खोट्या गाठी. स्तनांचे एक्स-रे काढायचं मशीन नीट चालतंय की नाही, हे बघायला रोज पहिल्यांदा हा ठोकळा त्याखाली ठेवायचा. पेरलेलं सगळं पडद्यावर दिसलं की मशीन ठीक, मग बायकांना आत घ्यायचं. सगळ्यांच्या आधी हजर आणि खोड काढण्यात पटाईत, म्हणून तिथल्या टेक्निशियनने ठोकळ्याचं नाव आत्याबाई ठेवलं होतं.

ही टेक्निशियन घरातली धाकटी. चाळिशी ओलांडली, केस पिकायला लागले, तरी थोरली बहीण तिला 'धाकटे' अशीच हाक मारायची, तेव्हा आपणही तिला धाकटीच म्हणू. वर्षानुवर्षं एकच काम केलं की जिभेलाही वळण पडतं. बाईला मशीनपाशी उभं करायचं, खांदा सैल सोडायला सांगायचा, वरची थंडगार पट्टी खाली आणून दाबायची आणि म्हणायचं, "श्वास धरा." फोटो निघाला की, "सोडा आता श्वास." ही दोन वाक्यं ती ठोकळ्यालाही म्हणायची. बाहेरून काउंटरवरच्या काकू ओरडायच्या, "धरला का गं आत्याबाईंनी?" हिने आतून सांगायचं, "धरला हो, शहाण्या आहेत!" आणि दिवस सुरू व्हायचा.

तो डाग पहिल्यांदा दिसला तेव्हा तिला वाटलं, मशीनच्या खालच्या प्लेटवर काहीतरी लागलंय. ठोकळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे काहीच पेरलेलं नव्हतं, तिथे तिळाएवढा पांढरा ठिपका. तिने प्लेट पुसली, ठोकळा पुसला, पुन्हा फोटो काढला. ठिपका जागचा हलला नाही. दुपारी शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. तक्रार काही नव्हती, नुसती खबरदारी म्हणून आलेल्या. त्यांच्या फोटोत त्याच कोपऱ्यात तेवढाच ठिपका होता. दुसऱ्या दिवशी ठोकळा स्वच्छ.

योगायोग म्हणून तिने सोडून दिलं. मग काही आठवड्यांनी पुन्हा डाग आला, या वेळी वरच्या बाजूला, आणि त्या दिवशी एका बस चालवणाऱ्या बाईची गाठ सापडली, वरच्या बाजूला. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मात्र धाकटीने डॉक्टरबाईंना गाठलं. डॉक्टरबाई दुपारी यायच्या, दिवसभराचे फोटो वाचायच्या आणि कशालाच दचकायच्या नाहीत.

"डाग बायकांच्या फोटोत येतो का? ज्यांना काही नाही त्यांच्या?"

"नाही. त्यांचे फोटो स्वच्छ असतात."

"मग झालं तर. मेणात हवेचा बुडबुडा असेल. ठोकळा बदलून टाक."

ठोकळा बदलला. नव्या ठोकळ्यातही डाग येत राहिले. धाकटीने पुन्हा कुणाला सांगितलं नाही. खरं तर तिला ते बरंच वाटायला लागलं होतं. डाग दिसला की त्या दिवशी ती डोळ्यांत तेल घालून बघायची, शंका आली की दुसऱ्या कोनातून फोटो घ्यायची. सगळ्यांचे रोग वेळेत सापडले. शाळेतल्या बाई ऑपरेशन होऊन परत कामावर गेल्या आणि पेढ्यांऐवजी एक कुंडी देऊन गेल्या. ती कुंडी काउंटरवर ठेवलेली होती.

एकच बाई तिला मशीनपर्यंत आणता येत नव्हती, ती म्हणजे तिची ताई. त्यांची आई याच दुखण्याने गेली होती, तेही गाठ लपवून लपवून. धाकटी शाळेत होती तेव्हा. आईच्या कुशीत शिरलं की डाव्या काखेजवळ काहीतरी कडक लागायचं, एवढं तिला आठवत होतं. ते कुणाला सांगायचं असतं हे तिला कळत नव्हतं. आई गेल्यावर ताईनेच तिच्या वेण्या घातल्या, डबे भरले, परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठवलं. त्या ताईला काही झालं तर आपण मुळापासून उन्मळून पडू, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं.

"मला काही झालेलं नाही," ताई म्हणायची, "आणि झालंच असेल तर मला कळायला नको. तुझं ते सँडविच करणारं यंत्र तुझ्यापाशीच ठेव."

विनवण्या, रुसवे, अबोला, सगळं करून झालं. शेवटी एकदाची ताई तयार झाली. सकाळची पहिली वेळ ठरली.

त्या सकाळी धाकटीने ठोकळा ठेवला, हसत म्हणाली, "श्वास धरा, आज आमची ताई येणार आहे."

पडद्यावर डाग होता. डाव्या बाजूला, काखेच्या अंगाला. आईची गाठ होती तिथे.

तिने पुन्हा फोटो काढला. डाग तसाच. बाहेरून ताईचा आवाज आला; ती काकूंशी कशावरून तरी हुज्जत घालत होती. आजवर डाग दिसला त्या दिवशी आलेल्या बायकांपैकीच कुणातरी एकीत तो सापडला होता. मग ताई आज आतच आली नाही तर? रोज बायकांना ती बजावायची, पुढे ढकलू नका, उद्यावर टाकू नका. त्या क्षणी तिला यातलं काही आठवलं नाही. ती दार उघडून बाहेर गेली.

"मशीन बंद पडलंय. आज काही होणार नाही."

ताईला एकटीला हे सांगता येत नव्हतं. सगळ्यांदेखत सांगावं लागलं. ताई सुटकेचा श्वास टाकून उठली. "बघ, देवालाही मंजूर नाही," म्हणाली आणि चप्पल घालून निघालीसुद्धा. बाकीच्या बायका कुरकुरल्या. काकूंनी त्यांना दुसऱ्या वेळा दिल्या.

दाराजवळच्या खुर्चीत मोहरीच्या फुलासारखा पिवळट स्कार्फ बांधलेली एक बाई बसली होती. ती मात्र उठली नाही.

"आज नाहीच का होणार? घरी न सांगता आलेय. पुन्हा निघायला जमेल की नाही..."

"उद्या या हो," धाकटी म्हणाली. तिचं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या ताईच्या पाठीकडे होतं. "उद्या नक्की करू."

बाईने मान हलवली, डावा हात अंगाशी धरून पायऱ्या उतरली.

दुसऱ्या दिवशी डाग गेला नव्हता. असं आधी कधी झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो वाढलेला वाटला. धाकटीने मोजपट्टी लावून मोजला, आणि हे आपल्या मनाचे खेळ नाहीत, असं तिला मान्य करावं लागलं. रोज सकाळी तो कालच्यापेक्षा थोडा मोठा असायचा. कडा फाटत चालल्या होत्या.

आठवडाभरात तिची झोप उडाली. शेवटी ती ताईच्या घरी गेली आणि दारातच रडायला लागली. "चल ताई. आत्ताच्या आत्ता चल." ताई घाबरून आहे त्या साडीवर निघाली.

डॉक्टरबाईंनी ताईचे फोटो दोनदा वाचले. काही नव्हतं. कुठेच काही नव्हतं.

"उगाच जीव खाल्लास माझा," म्हणत ताईने तिला जवळ घेतलं आणि स्वतःच रडली.

दुसऱ्या सकाळी ठोकळ्यात डाग होता. आणखी मोठा.

मग तिने स्वतःचे फोटो काढून घेतले. स्वच्छ. काकूंना बळजबरीने उभं केलं. स्वच्छ. त्या दिवशी परत पाठवलेल्या बायका एकेक करून येऊन गेल्या होत्या. सगळ्या ठणठणीत.

सगळ्या?

"काकू, त्या दिवशी दाराजवळ एक बाई होती. पिवळट स्कार्फवाली. ती आली का?"

"ती होय? नाही बाई."

"फोन लावा तिला."

"कुठून लावू? तिचं नाव-गाव काही विचारलंच नव्हतं अजून. तू बाहेर आलीस आणि ती गेली."

धाकटी खुर्चीवर बसली. ती तीच दाराजवळची खुर्ची आहे हे लक्षात आल्यावर उठली.

त्यानंतर ती रोज काम संपलं की बसथांब्यावर उभी राहायची. औषधांच्या दुकानात विचारायची, बाजारात बायकांच्या डोक्यांकडे बघत फिरायची. तसला स्कार्फ दोनदा दिसला. दोन्ही वेळा चेहरा दुसरा निघाला. केंद्राच्या दारावर तिने मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला, 'मशीन चालू आहे, कधीही या.' काकू म्हणाल्या, "चालूच आहे की, सांगायचं काय त्यात?"

डाग वाढत गेला. पेरलेले ठिपके त्याखाली झाकले गेले, मग धागे. डॉक्टरबाईंनी इंजिनिअरला बोलावलं. त्याने मशीन खोललं, जोडलं, आणि सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. "बायकांचे फोटो नीट येतायत ना? मग जाईल आपोआप," डॉक्टरबाई म्हणाल्या.

हिवाळा आला आणि सरत आला.

एका सकाळी डॉक्टरबाई लवकर आल्या होत्या. धाकटीने ठोकळा ठेवला, पट्टी खाली आणली.

"श्वास धरा," ती म्हणाली.

पडद्यावर ठिपके दिसले. धागे दिसले. खोट्या गाठी दिसल्या. कंपनीने पेरलं होतं तेवढंच, जागच्या जागी.

"बघ!" डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. "म्हटलं नव्हतं, जाईल आपोआप? सुटलीस बाई एकदाची."

बाहेरून काकू ओरडल्या, "धरला का गं आत्याबाईंनी?"

धाकटी पडद्याकडे बघत उभी राहिली. स्कार्फवाली बाई काही आलेली नव्हती. ठोकळा पट्टीखाली तसाच दाबलेला होता. काकूंनी पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा. बाहेर बायका ताटकळायला लागल्या.

'सोडा आता श्वास' हे तिच्या तोंडून निघेना.