खेचराला कळणारी भाषा

पाणवठ्याशी रस्ता अडवून उभ्या राहिलेल्या खेचराला स्तामातिस पाव तास समजावत होता. निवृत्त होईपर्यंतची पोलिसातली पंचवीस वर्षं त्याने याच डोंगरगावात काढली, पण माणूस मूळचा बेटावरचा. ग्रीकखेरीज त्याला काही येत नव्हतं, आणि झोइत्साचं खेचर इथल्या धनगरांच्या व्लाख बोलीखेरीज काही ऐकत नव्हतं.

मागून पोलिक्सेनी आली. जुनी पोस्टमास्तरीण, निवृत्त झाल्यापासून गावातल्या चोऱ्यामाऱ्यांचा छडा लावायची. तिने व्लाखमध्ये दोन शब्द टाकले आणि खेचर गुणी मुलासारखं बाजूला झालं.

"चोर तरी ऐकायचे का रे तुझं?" ती म्हणाली. "चल, वायाकडे चोरी झालीय."

वाया लेकीला कडेवर घेऊन दारातच रडत होती. उद्या बाळाचा बाप्तिस्मा. तोवर त्याला नाव नाही. पाच महिने सगळे नुसतं 'बेबेका', म्हणजे छकुली, म्हणत होते. आणि चार पिढ्यांनी बाप्तिस्म्याला घातलेलं, घरी विणलेलं झबलं दोरीवरून नाहीसं झालं होतं. झबल्याशिवाय बाप्तिस्मा होणार नाही, असं सासूने, म्हणजे झोइत्साने, बजावलं होतं.

दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना हे घडलं. पाळणा अंगणात, दोरीजवळच होता, आणि घरच्या बायका नि शेजारीण सोडून तिथे कुणी फिरकत नसे.

"बाळ रडलं," वाया म्हणाली. "मी अर्धवट झोपेत. कुणीतरी व्लाखमध्ये अंगाई म्हटली आणि ते गप्प झालं. मला वाटलं, सासूबाईच. मला ती बोली येत नाही, पण गंमत म्हणजे, चाल पुढे कुठे वळणार ते मला आधीच कळत होतं."

झोइत्सा पाच वाजेपर्यंत पाद्रीणबाईंबरोबर चर्चमधलं बाप्तिस्म्याचं घंगाळ घासत होती. पाद्रीणबाईंनीही तेच सांगितलं. शिवाय झोइत्सा अंगाई म्हणतच नाही. तिच्या आवाजाने पोर आणखी भोकाड पसरते, हे तिने स्वतःच कबूल केलं.

शेजारच्या सुल्तानाचा त्या झबल्यावर डोळा होता. पण बकऱ्यांवर ओरडून तीन दिवस तिचा घसा बसला होता. सोंग असेल, असं स्तामातिसला वाटलं. तेवढ्यात तिच्या बोकडाने तिचेच टोमॅटो खाल्ले, तरी तिच्या तोंडून नुसती वाफ निघाली.

राहिली वायाची आई एरिफिली. ती व्होलोस शहरातून नातीसाठी लेसचा फ्रॉक घेऊन आली होती. त्या धनगरी बोलीतलं आपल्याला अक्षर कळत नाही, असं तिने सांगितलं. शिवाय ती घरी नव्हतीच. सगळे झोपलेले, म्हणून एकटीच खेचरावर बसून टेकडीवरच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावायला गेली होती.

स्तामातिसने वहीतलं तिचं नाव खोडलं.

संध्याकाळी पोलिक्सेनीने सगळ्यांना अंगणात बसवलं आणि आधी कॉफी मागवली.

"अंगाई म्हणणाऱ्याला व्लाख येतं. झोइत्सा चर्चमध्ये होती, सुल्तानाचा घसा बसलाय. राहिल्या एरिफिलीबाई."

"त्यांना व्लाख येत नाही. त्या सुटल्या," स्तामातिस म्हणाला.

"आज खेचराच्या किती विनवण्या केल्यास?"

स्तामातिसने कपात डोकं घातलं.

"बाई एकट्या त्याच्यावरून गेल्या असतील, तर त्यांना व्लाख येतं. येत नसेल, तर त्या गेल्याच नाहीत. काहीतरी एक खोटं आहे."

"खोटं कसं?" एरिफिली उसळली. "माझं तर ते पहिल्या दिवसापासून ऐकतं."

आणि तिने तोंडावर हात ठेवला.

"ऐकणारच," पोलिक्सेनी हळूच म्हणाली. "आणि वायाच्या कानात ती चाल आधीपासून आहे. सासू काही गात नाही. मग तान्ही असताना तिला कुणी गायली?"

एरिफिलीने पर्स उघडून झबलं काढलं. "व्होलोसच्या पाहुण्यांसमोर नात गोणपाटात नको, एवढंच मनात होतं. लपवायला टेकडीवर नेलं, पण तिथे टाकवेना." ती वायाकडे वळली. "शाळेत माझ्या बोलीला हसायचे गं. तू बोलायला लागलीस, तसं मी गाणं बंद केलं. आज पोर रडली आणि तोंडात तेच आलं."

वायाने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं.

झोइत्सा उठली आणि व्लाखमध्ये बराच वेळ बोलत राहिली.

"काय म्हणतेय?" स्तामातिसने विचारलं.

"विहीणबाईंना शिव्या देतेय. घरच्या माणसाला देतात तशा."

दुसऱ्या दिवशी बाळाला आत झबलं होतं आणि वर लेसचा फ्रॉक. धर्मपित्याने मोठ्याने नाव सांगितलं: झोई, म्हणजे झोइत्साआजीचंच.

बाहेर फाटकात खेचर आडवं उभं. स्तामातिस ग्रीकमध्ये विनवण्या करू लागला. शहरी हॅट घातलेली एरिफिली नातीला घेऊन मागून आली आणि तिने खणखणीत आवाजात दोन शब्द टाकले.

खेचर बाजूला झालं. कुणी ऐकलं का, हे बघायला तिने मागे वळून पाहिलं नाही.