सांडव्याकडे निघालेलं घरटं

पायात लाल-निळी कडी घातलेल्या कमळपक्ष्याच्या नराला जाळ्यात पकडायचं, त्याच्या आणि त्याच्या पिल्लांच्या रक्ताचा एकेक थेंब घ्यायचा, सगळ्यांना पुन्हा सोडून द्यायचं आणि दुपारच्या आत काठ गाठायचा! एवढ्याच कामासाठी ऑगस्टमधल्या त्या सकाळी तिघं जण चोरखमाऱ्याच्या तलावात डोंगा घालून निघाले होते.

दुर्गेश्वरी रहांगडाले तीन वर्षं या तलावावरच्या कमळपक्ष्यांचा अभ्यास करत होती. लांबलचक बोटांनी कमळाच्या पानांवरून पळणारा हा पक्षी. त्याची मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे निघून जाते. उबवणं, पिल्लं वाढवणं सगळं नराच्या गळ्यात. पण तो वाढवतो ती पिल्लं त्याचीच असतात का? हे रक्तावरूनच कळणार होतं. अकरा घरट्यांचे नमुने जमले होते, बारावं बाकी होतं. परवानगीची मुदत संपत आली होती आणि डोंगरातल्या पावसाने पाणी तासातासाला चढत होतं.

पुढे बांबू रोवत तुलसीराम उभा होता. जातीचा ढीवर, मासे धरण्यात जन्म याच पाण्यावर गेलेला. मागे वल्हं धरून खुशाल, दुर्गेश्वरीचा नवरा. मदतनीस ऐनवेळी आला नाही म्हणून तो न बोलता डोंग्यात येऊन बसला होता. गेल्या सप्टेंबरात त्यांची दोन वर्षांची ओमी तापाने गेली, तेव्हा दुर्गेश्वरी याच तलावात होती. "पाखरायचा अभ्यास करता करता पाखराचीच जात झाली व हे," असं गल्लीतली एक बाई तोंडावर बोलली. खुशाल शेजारीच उभा होता. तो चकार शब्द बोलला नाही. त्यानंतर अकरा महिने दोघांत कामापुरतंच बोलणं उरलं होतं.

"म्याडम," तुलसीरामने विचारलं, "ते मादी काऊन सोडून जाते लेकरायले? माया नसते का तिले?"

"काका, दहातली आठ अंडी इथं बुडतात, नाही तं दिवड गिळते. जे मादी लगेच दुसरीकडं अंडी घालते, तिचा वंश उरला. जो नर अंड्यावरून उठून गेला, त्याचा नाही उरला. हजारो पिढ्या असंच झालं. तिले नवा नर पायजे, त्याले तीच पायजे. दोघायचं जुळतच नाही. माया कोणाले किती, ते रक्तात दिसत नाही."

मागे वल्हं थबकलं. मग पुन्हा चालू झालं.

बुडालेल्या झाडांच्या खुंटांमधून वाट काढत ते तासाभराने तलावाच्या चिंचोळ्या फाट्याच्या तोंडाशी पोचले, आणि वारा सुटला! डोंगा आडवा फिरला. खट्‌! एका खुंटावर आदळून फळी फुटली. पाणी आत आलं. खुशाल डब्याने पाणी उपसू लागला.

"मागं फिरू या!" तुलसीराम ओरडला. "सांडवा वाहून राहिला, ओढ लागली पाण्याले!"

"तो बघा, समोरच!" दुर्गेश्वरीने बोट दाखवलं.

पानांच्या तराफ्यासारख्या घरट्यावर लाल-निळ्या कड्यांचा नर होता. अंडी फुटून तीन पिल्लं बाहेर आली होती. पण त्यांच्यावर एक मोठी, अनोळखी मादी तुटून पडत होती! पिल्लं मेली की नर तिच्यासाठी मोकळा. नराने पंख पसरले, अंगावर टोची घेतल्या, पण जागा सोडली नाही. तरी एक पिल्लू पाण्यात पडलंच. दुर्गेश्वरीने ओरडून तुलसीरामच्या हातातला बांबू ओढला आणि पाण्यावर आपटला. मादी उडाली. त्याच हादऱ्यात देठं तुटली आणि अख्खं घरटं सांडव्याकडे निघालं!

डोंगा मागे लागला. दहा हात. पाच हात. दुर्गेश्वरी जाळं घेऊन उभी राहिली. खुशालने तिची कंबर घट्ट धरली.

नराने पिल्लं पंखांखाली घेतली होती. दोन्ही बाजूंनी पिल्लांचे बारीक पाय लोंबत होते.

"टाका म्याडम! आता नाही तं कधीच नाही!"

जाळं पडलं असतं तर नर फडफडला असता, आणि पिल्लं थेट ओढीत गेली असती. तीन वर्षांचं काम हातात तोलत ती उभी राहिली. मग तिने जाळं खाली घेतलं.

तराफा एका खुंटाला घासला. नर पलीकडच्या पानांवर उतरला आणि काखेतलं ओझं सावरत बेशरमाच्या झुडपांत शिरला. मोकळं घरटं सांडव्यावरून खाली गेलं.

पाण्यात पडलेलं पिल्लू वाहत डोंग्यापाशी आलं, ते दुर्गेश्वरीने उचललं. ते तिच्या तळहातावर दोनदा हललं आणि थांबलं.

डोंगा अर्धा भरला होता. तुलसीरामने बांबू मोडेपर्यंत जोर लावला, खुशालने हातांची सालं जाईपर्यंत वल्हं मारलं, आणि तिघं कसेबसे तलावाच्या बांधाला, पाळीला लागले. तुलसीराम माणसं बोलवायला गावाकडे गेला.

दोघंच ओल्या गवतावर बसले होते.

"त्या दिवशी मी तुले फोनच नाही लावला," खुशाल एकदम म्हणाला. "ओमी सकाळपासूनच तापली होती. मले वाटलं, संध्याकाळी येशीनच तू, कायले काम बिघडवू. अन् लोकायनी तुले बोललं, तवाही मी गप्प राहिलो. खरं सांगितलं तं सगळे मलेच बोलतीन, याचं भेव वाटलं."

दुर्गेश्वरीने मान वळवली.

"अकरा महिने! अकरा महिने तुम्ही मले जळू देलं!"

"हो."

ती त्याच्या छातीवर मुठी मारत राहिली. त्याने हात वर केला नाही. ती दमली, तशी तिथेच कोसळून रडली. ओमीला नेलं त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. मग तिने विचारलं, "शेवटी रडत होती का?"

"नाही. माह्यं बोट धरून झोपली. मले वाटलं, ताप उतरला."

दुर्गेश्वरीने पदराने तोंड पुसलं. "सगळं सांगा," ती म्हणाली. "सकाळपासून सांगा. तिनं काय खाल्लं, काय बोलली, काहीच सोडू नका."

खुशालने पाण्याकडे पाहिलं आणि सांगायला सुरुवात केली.